दोन व्यक्तींचा परवाना

परवाना आला तो मंगळवारी दुपारी, आणि तो आला तेव्हा तिला जाऊन सात महिने झाले होते.

जाड पिवळसर पाकीट, वर सरकारी शिक्का. आत लिहिलं होतं: पाणथळ राखीव क्षेत्र, प्रवेश परवाना, दोन व्यक्ती, एक दिवस. अर्जदार म्हणून बायकोचं नाव आणि तिचा फोटो. त्याखाली 'सोबत येणारी व्यक्ती' म्हणून मी. एकतीस वर्षांच्या संसारात ती अर्जदार आणि मी सोबत येणारी व्यक्ती असं कागदावर प्रथमच आलं होतं. प्रत्यक्षात ते पहिल्यापासून तसंच होतं, हा भाग निराळा.

ही जागा समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी. तिथे पाखरं उतरतात. पाखरांना त्रास नको म्हणून दिवसाला फक्त बारा माणसं सोडतात, त्यामुळे नंबर लागायला वर्ष-वर्ष जातं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून तिला स्वतःला काहीतरी लांबचं बघावंसं वाटत असणार. मला ती विचारायची, "जाऊ या का एकदा?" मी म्हणायचो, "चिखल बघायला परवाना कशाला? गल्लीतला पाइप फुटला की खिडकीतून दिसतो." हे मी निदान दहा वेळा म्हटलं असेन. पहिल्या दोन वेळा ती हसली होती.

तिनं मला न सांगता अर्ज करून टाकला होता, हे पाकीट फोडल्यावर कळलं.

खरं तर पाकीट मी फोडलंच नाही. ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी फोडलं. पोस्टमननं चुकून त्यांच्याकडे टाकलं आणि हेडसरांना कुठलाही कागद दिसला की तो तपासल्याशिवाय राहवत नाही. ते परवाना घेऊन खाली आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "जा."

"एकटा कसा जाऊ? दोघांचा आहे."

"दोघांचा आहे म्हणजे एकाचा आहेच. गणित आहे हे. आणि हिरवे कपडे घाला. पाखरांना पांढरं दिसतं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी कळली. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी डासांचं मलम आणून दिलं. तळमजल्यावरच्यांनी गमबूट दिले, दोन नंबर मोठे. म्हणाले, "चिखलात पाय फुगतो, मग बरोबर बसतात." त्यांनी आयुष्यात चिखलात पाय घातला असेल असं मला वाटत नाही, पण सल्ला देणाऱ्याला अनुभवाची अट नसते. हेडसरांनी त्यांची दुर्बीण दिली. तिच्यातल्या एका नळीतून दिसायचं आणि दुसरीतून बहुधा हेडसरांचं गेलेलं तारुण्य. मला काही दिसलं नाही.

सात महिन्यांत माझ्या दाराशी कोणी आलं नव्हतं असं नाही. पण आलेला प्रत्येकजण आवाज खाली घेऊन बोलायचा, जणू मी तापात झोपलोय. परवान्यामुळे लोक पुन्हा नेहमीच्या आवाजात बोलायला लागले. बहुधा तेवढ्यासाठीच मी जायचं ठरवलं.

आता मी स्वतः जमीन नोंदणीच्या कचेरीत तेहतीस वर्षं काढलेली. 'अर्ज अपूर्ण' हा शिक्का मी इतक्या वेळा मारलाय की झोपेतही माझी मूठ तशी हलते असं ती म्हणायची. तेव्हा दोन व्यक्तींच्या परवान्यावर एक व्यक्ती गेली तर काय होईल हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी परवान्याच्या कचेरीत रीतसर चौकशीला गेलो.

खिडकीमागे एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या, शांत. त्यांनी परवाना वाचला, वर पाहिलं.

"अर्जदार कुठे आहेत?"

"त्या येऊ शकत नाहीत."

"का?"

सोपं उत्तर होतं. दोन शब्दांचं. मृत्यूचा दाखला माझ्या पिशवीत होता, दोन प्रतींत, मी तसा माणूस आहे. पण मागे रांग होती, पंख्याची खडखड चालली होती, आणि ते दोन शब्द मी तोपर्यंत कोणापुढेही उच्चारले नव्हते. ज्यांना कळायचं त्यांना आपोआप कळलं होतं. मी म्हणालो, "बाहेरगावी गेल्यात."

"परत कधी येणार?"

"नक्की नाही."

"मग त्यांचं संमतिपत्र लागेल. अर्जदाराशिवाय सोबतच्या व्यक्तीला सोडत नाहीत. पत्र पाठवून सही मागवा."

"तिथे टपाल जात नाही."

"फोन?"

"लागत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी ओळखली. हद्दीवरून भांडून आलेल्या भावांकडे मी तसाच बघायचो.

"भांडण झालंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

"हे बघा, मी तुम्हाला बहिणीसारखी सांगते. नमतं घ्या. या वयात बायको घर सोडून जाते म्हणजे काहीतरी फार दिवसांचं साठलेलं असतं. तुम्ही तिचं कधी ऐकलंय का?"

"फारसं नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग? जा, माफी मागा. सॉरी म्हणायला काय जातं?" रांगेतल्या एका गृहस्थानं माझ्या पाठीवर थोपटलं. बाजूच्या खिडकीतल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. दहा मिनिटांत मी त्या अख्ख्या कचेरीत बायको सोडून गेलेला माणूस झालो. निघताना बाई म्हणाल्या, "परवान्याच्या तारखेला अठरा दिवस आहेत अजून. येतील त्या. घेऊन जा त्यांना पाखरं बघायला."

मी "हो" म्हणालो आणि जिन्यात बसून राहिलो. कोणी विचारलं असतं तर गुडघा दुखतोय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

हे सगळं मी अक्कांना सांगायला नको होतं. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. सहा वर्षांनी मोठी, आकारानं दुप्पट, आणि आवाजानं किती पट ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. दर रविवारी त्या माझी विचारपूस करायला येतात, म्हणजे माझ्या घरातल्या वस्तूंच्या जागा बदलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी येते."

"कुठे?"

"तिच्या नावावर. मीच ती."

"अक्का, फोटो आहे त्यावर."

त्यांनी फोटो नाकाशी धरला. "हा बारा वर्षांपूर्वीचा आहे. नाक तेच आहे ना आमचं? बाकीचं वयानं बदललं म्हणायचं."

"हा गुन्हा आहे."

"भाऊजी, माझ्या धाकट्या बहिणीनं एक गोष्ट मागितली होती. ती तुम्ही दिली नाहीत. मीही कधी विचारलं नाही तिला, तुला काय हवंय म्हणून. मीच बोलत राहायचे. आता गुन्हा तर गुन्हा."

मग त्यांनी कपाट उघडलं. तिचं कपाट. मी ते सात महिन्यांत उघडलं नव्हतं. अक्कांनी तिचा तपकिरी स्वेटर बाहेर काढला, "हा घालते, हिरवा नाही पण चिखलाच्या रंगाचा आहे," म्हणाल्या, आणि डोक्यातून घालायला गेल्या. तो खांद्यांवर अडकला. ना वर ना खाली. हात वर, तोंड आत. मी ओढायला पुढे झालो, तर आतून हुंदक्याचा आवाज आला. मी हात मागे घेतला. बराच वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो, त्या स्वेटरच्या आत आणि मी बाहेर. शेवटी आतून आवाज आला, "ओढा की! गुदमरते मी!"

ठरल्या दिवशी आम्ही सकाळी पहिली बस धरली, मग दुसरी. अक्कांकडून वाटेत मी तिची जन्मतारीख पाठ करून घेतली. त्यांना ती माझ्याआधीपासून पाठ होती. हे मला नंतर सुचलं. शेवटच्या थांब्यावर आम्ही दोघंच उतरलो. तिथून बांधावरची वाट, दोन्हीकडे उंच लव्हाळं, खारट वास. माझे गमबूट प्रत्येक पावलाला 'फच्' करत होते. पाय फुगला नव्हता.

बांधाच्या टोकाला लाकडी चौकी. तिच्यात एक पहारेकरी. वाळलेला, उन्हानं काळवंडलेला, पन्नाशीचा माणूस. मी परवाना पुढे केला. तेहतीस वर्षांत मी कागदावर एक खोटं टिंब दिलं नव्हतं. त्यानं नाव वाचलं आणि तो ताडकन उठला. झालं, मला वाटलं.

"बाई!" तो म्हणाला. "तुम्ही? अखेर आलात!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांकडे पाहिलं.

"मी म्हटलं, नंबर हरवला की काय. इतके महिने फोन नाही." तो अक्कांचे हात धरायला पुढे झाला, मग लाजून थांबला. "आवाज फोनवर बारीक यायचा. समोर भारदस्त आहे."

"हो," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत लहान वाक्य.

फोटो त्यानं पाहिलाच नाही. आनंदानं तो आम्हाला लाकडी फळ्यांच्या वाटेवर घेऊन गेला आणि चालता चालता कुजबुजत बोलत राहिला, आणि मला कळत गेलं. चौकीत फोन होता. त्याचा नंबर माहितीपत्रकात छापला होता. गेली दोन वर्षं, दर पंधरा-वीस दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, ती दुकानातून इथे फोन करायची. आज काय उतरलंय, किती आहेत, पाणी कुठवर आहे. हा सांगायचा. ती ऐकायची. एवढंच.

दोन वर्षं. मी संध्याकाळी विचारायचो, "काय विशेष?" ती म्हणायची, "काही नाही."

"तुमच्या गुडघ्याचं लक्षात ठेवलंय," पहारेकरी अक्कांना म्हणाला. "पुढच्या झोपडीत स्टूल ठेवलाय. नुसत्या बाकावर तुम्हाला जमणार नाही म्हणाला होतात. आणि हेच का ते?" त्यानं माझ्याकडे बोट केलं. "जे यायचे नाहीत म्हणत होतात?"

"हेच," अक्का म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात त्यांनी एकतीस वर्षांचा हिशेब चुकता केला.

त्या माणसाला खरं सांगायला हवं होतं. पण तो इतका खूश होता, आणि ती जिवंत आहे असं मानणारा तो जगातला शेवटचा माणूस होता. तिथे पोचेपर्यंत फसवणूक करायची मला भीती वाटत होती. तिथे पोचल्यावर ती थांबवायची भीती वाटायला लागली.

अक्का मात्र पाखरांच्या बाबतीत शुद्ध अडाणी. त्यानं लांब बोट दाखवून विचारलं, "ओळखलंत? तुमचे आवडते." अक्का म्हणाल्या, "वा! काय बदकं आहेत!" तो जरा गोंधळला. तिथे एक पडका खांब होता. मी डोळ्याला दुर्बीण लावून, चांगल्या नळीतून, त्या खांबाकडे खूप वेळ बघत राहिलो, कारण मला कोणाच्याही तोंडाकडे बघायचं नव्हतं.

आणि मग अक्का पडल्या. म्हणजे पडल्या नाहीत, गेल्या. "कुठे, कुठे?" करत त्या फळीच्या कडेला सरकल्या, एक पाय खाली गेला, तो काढायला दुसरा घातला, आणि गुडघ्यांपर्यंत उभ्याच्या उभ्या चिखलात. जोरात बोलायला मनाई असल्यामुळे त्या कुजबुजत ओरडल्या. तसा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. पहारेकऱ्यानं एक हात धरला, मी दुसरा. आम्ही ओढलं. चिखलानं त्यांना ओढलं. चिखलाचा अनुभव जास्त होता.

"हलू नका," पहारेकरी त्यांना तिच्या नावानं हाक मारून म्हणाला. "बाई, घाबरू नका. मी आहे." परत तिचं नाव. "अंग सैल सोडा." परत तिचं नाव. किती मायेनं म्हणत होता तो. आमच्या घरात ते नाव सात महिने कोणी घेतलं नव्हतं. सगळे 'ती' म्हणायचे, मीसुद्धा.

चौथ्या वेळी अक्कांचा बांध फुटला. "नका हो," त्या म्हणाल्या. "मी ती नाही. मी तिची बहीण आहे."

त्यानं हात सोडला नाही. माझ्याकडे पाहिलं.

"ती गेली," मी म्हणालो. "सात महिने झाले."

बस. दोन शब्द आणि वर तीन. आकाश कोसळलं नाही. लांब कुठेतरी एक पाखरू शीळ घालत होतं, ते घालतच राहिलं.

पहारेकऱ्यानं जास्त जोर लावला. अक्का बाहेर आल्या, एक बूट आत राहिला. मग तो फळ्यांवर खाली बसला, दोन्ही हात चिखलानं भरलेले, आणि त्याच हातांनी त्यानं तोंड पुसलं. त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते आम्हाला नीट दिसलं नाही.

जरा वेळानं तो म्हणाला, "परवाना त्यांच्या नावावर आहे. त्या नाहीत म्हणजे तुम्हाला आत सोडताच येत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. "आम्ही परत जातो."

त्यानं मागे वळून पाहिलं. "आता जाता येत नाही. भरती लागली. फळ्या पाण्याखाली जातील. दोन-अडीच तास थांबावं लागेल." तो उठला. "चला झोपडीत."

बेकायदेशीरपणे आत आलेल्या माणसांना कायद्यानं बाहेर काढता येत नाही, असा प्रसंग माझ्या नोकरीत कधी आला नव्हता.

झोपडी म्हणजे एक लाकडी खोली, समोर लांब आडवी फट. फटीसमोर बाक, आणि बाकाच्या टोकाला एक स्टूल. त्यावर जुनी गादी शिवून बसवलेली होती. स्टुलावर कोणीच बसलं नाही. अक्का एका पायात बूट आणि दुसऱ्यात ओला मोजा अशा बाकावर बसल्या, आणि दोन तास एक अक्षर बोलल्या नाहीत.

पाणी हळूहळू चढत आलं. पाणी चढलं तसा समोरचा चिखल लहान होत गेला, आणि इतका वेळ लांब ठिपक्यांसारखी दिसणारी पाखरं आमच्याकडे सरकायला लागली. भरती त्यांना हाकत होती. आधी पन्नास, मग शे-दोनशे, मग मी मोजणं सोडलं.

"शेवटचा फोन कधी आला होता?" मी विचारलं.

त्यानं भिंतीवरची वही काढली. तो रोज पाखरांची नोंद करायचा. नोंदीच्या कडेला, फोन आला की तिच्या नावाचं पहिलं अक्षर. त्यानं तारीख दाखवली. ती जायच्या चार दिवस आधीची. तेव्हा ती हॉस्पिटलात होती. त्या दुपारी तिनं मला खाली पाठवलं होतं, कुठलासा फॉर्म भरायला. मी रांगेत उभा होतो, आणि माझ्या पुढच्या माणसाचा अर्ज अपूर्ण असल्यामुळे मला वेळ लागला होता.

"त्या दिवशी पाखरांचं काही विचारलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "दम लागत होता बोलताना. मला वाटलं, जिना चढून आल्या असतील. म्हणाल्या, एखादा माणूस एकटाच आला तर त्याला तिथे कोणी काही दाखवतं का? मी म्हटलं, मी असतो ना. तर म्हणाल्या, त्याला काहीच ओळखता येत नाही हो. बगळ्याला बदक म्हणेल. चिडू नका त्याच्यावर. दोनदा सांगावं लागतं त्याला, पहिल्यांदा त्याचं लक्ष नसतं." तो थांबला. "मला वाटलं, शेजारीपाजारी कोणी असेल."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त त्यांचा मोठा, चिखलानं भरलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

पाखरं आता अगदी फटीखाली आली होती. इतकी जवळ, की त्यांच्या चोचींचा पाण्यातला आवाज येत होता. त्यात एक जरा वेगळं होतं. पांढरं अंग, काळे पंख, आणि खाली काठ्यांसारखे लांब, लाल पाय. जपून पाय टाकत होतं, कपडे ओले होऊ नयेत म्हणून चालावं तसं.

"तो कोणता?" मी विचारलं.

"शेकाट्या," पहारेकरी म्हणाला.

ते पाखरू पाण्यातून चालत गेलं, थांबलं, पुन्हा चाललं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं होतं, आणि नाव कानात शिरून कुठे गेलं कोण जाणे.

"काय म्हणालात?"

"शेकाट्या," त्यानं न चिडता पुन्हा सांगितलं.